पायमोजे काढले होतेस का?

कराड

चि. मधुरा हिस अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन मध्येच तुटला आणि बोलणे अर्धवट राहिले, म्हणून लिहीत आहे. रागावण्यासाठी लिहीत नाही, हे आधीच सांगतो. नाईट ड्यूटीत आलेल्या पाठदुखीच्या पेशंटच्या केसपेपरवर तू ‘प्लँटर दोन्हीकडे फ्लेक्सर’, म्हणजे तळपायावर ओरखडा ओढला की अंगठे खाली वळतात, सारे ठीक, असे सवयीने लिहिलेस आणि सकाळच्या राऊंडला मॅडमनी तळपायावर ओरखडा ओढताच दोन्ही अंगठे वर गेले, म्हणजे मेंदूकडून मज्जारज्जूतून खाली येणारा मार्ग कुठेतरी दुखावलेला, हे तू स्वतःहून सांगितलेस. मनातून मला अभिमानच वाटला. तोंडातून मात्र एवढेच निघाले, की पायमोजे काढले होतेस का?

वॉर्ड भरला होता, हे मान्य. पण या तपासणीला मिनिटही लागत नाही. पेशंटला उताणे झोपवून पाय सैल सोडायला सांगावे, काय करणार ते आधी सांगावे आणि हातोड्याच्या बोथट टोकाने टाचेपासून बाहेरच्या कडेने करंगळीच्या मुळापर्यंत जाऊन, चवड्यावरून आत वळून, अंगठ्याच्या अलीकडे थांबावे. अंगठ्याची पहिली हालचाल तेवढी खरी. गुदगुल्या झालेला माणूस अख्खा पाय ओढून घेतो. तेव्हा बाहेरच्या घोट्याखालून, चॅडॉकच्या रीतीने, पुन्हा पाहावे. आपल्याकडचे म्हातारे तर ‘डॉक्टर, तुम्ही कशाला पायाला हात लावता’ म्हणून नुसत्या स्पर्शानेच पाय आखडतात. तो संकोच असतो, रिफ्लेक्स नव्हे. फ्रेंच डॉक्टर बाबिन्स्कीला १८९६ साली पॅरिसमध्ये अंगठ्याची ही खूण मांडायला अठ्ठावीस ओळी पुरल्या आणि मी, तुला सारे ठाऊक असताना, पुन्हा शिकवायला बसलो आहे. क्षमा कर.

तू चार महिन्यांची असताना मी स्कूटरच्या किल्लीने तुझ्या तळपायावर अशीच रेघ ओढली होती. अंगठा वर गेला, बाकीची बोटे पंख्यासारखी फाकली आणि आजीने किल्ली हिसकावून घेतली. मेंदूकडून खाली येणारा तो मार्ग त्या वयात पक्व झालेला नसतो, हे तिला पटवणे मला जमले नाही. पुढे वाढदिवसानंतर एका संध्याकाळी अंगठा खाली वळला, तेव्हा तुझ्या पहिल्या पावलापेक्षा मला त्याचाच आनंद अधिक झाला, असे तुझी आई अजून चारचौघांत सांगते.

ज्याने तान्ह्या मुलीचे पाय इतक्या हौसेने तपासले, त्याने नानांचे तपासले नाहीत. त्यांची पाठ तीन महिने दुखत होती. घरचाच माणूस, म्हणून मी बाहेरच्या खोलीत उभ्याउभ्या पट्टा दिला, गोळ्या दिल्या. चालताना चप्पल निसटते आणि कळतही नाही, असे ते म्हणाले, तेव्हा नवी घ्या म्हणालो. ते ओट्यावरून पडले त्या दिवशी मी प्रथम त्यांच्या पायमोज्याला हात लावला आणि दोन्ही अंगठे वर गेले. मणक्याचा क्षय होता. गळू मज्जारज्जूवर दाब देत होते. ऑपरेशन झाले, वर्षाहून अधिक काळ औषधे झाली. पण काठी सुटली नाही. ती काठी घेऊन तू लहानपणी घोडा घोडा खेळायचीस. नानांनी मला कधी एका शब्दाने विचारले नाही आणि मीही कोणाला सांगितले नाही, तुझ्या आईलासुद्धा.

तेव्हा रविवारचा प्रश्न तुला विचारला खरा, पण तो तुझ्यापुरता नव्हता. तरीही, जे पाहिले नसेल तिथे ‘पाहिले नाही’ असेच लिहीत जा. कोरी जागा दुसऱ्याला पाहायला लावते, खोटे ‘फ्लेक्सर’ त्याला थांबवते. झाले, पुन्हा तेच.

त्या पेशंटच्या एमआरआयमध्ये काय निघाले आणि पायात जोर येतो आहे का, ते कळव. आई चिवडा पाठवते आहे.

आणि फोन तुटला नव्हता. मीच ठेवला होता.

तुझे
बाबा