‘२० बार’ नव्हे, दळण आणि पाणी बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सणासुदीच्या जाहिरातींत हल्ली मिक्सर-ओव्हनच्या जोडीला एस्प्रेसो, म्हणजे दाबाने दाट कॉफी काढणारे, मशीन दिसू लागले आहे आणि त्यावर सगळ्यांत ठळक अक्षरांत असतो पंपाच्या दाबाचा आकडा, ‘१५ बार’ किंवा ‘२० बार’. संभाजीनगर, लातूर, नांदेडकडचा ग्राहक तोच आकडा बघून मशीन मागवतो. मग कॉफी आंबट लागते, धार पाण्यासारखी येते, काही महिन्यांनी तर मशीनमधून पाणीच येईनासे होते. या तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा मशीनमध्ये नसते. ते दळणात, बियांत आणि आपल्याकडच्या पाण्यात असते.

आधी त्या आकड्याविषयी. एस्प्रेसोला कॉफीच्या थरावर ९ बारच्या आसपास दाब पुरतो. पुढची वाट पूर्ण बंद असताना मशीनमधला छोटा पंप जास्तीत जास्त जो दाब देऊ शकतो, तो हा १५ किंवा २०. प्रत्यक्ष दाब ठरतो तो पूड पाण्याला किती अडवते त्यावर. पूड जाड असेल तर पंप कितीही बारचा असो, पाणी सरळ निघून जाते. चांगल्या मशीनमध्ये उलट जादा दाब टाकीत परत सोडणारा व्हॉल्व्ह असतो. तो किती बारला लावला आहे, हे दुकानात विचारून बघावे. उत्तर मिळाले तर दुकान चांगले.

दुसरा प्रश्न बास्केटचा, म्हणजे पूड भरायच्या जाळीच्या वाटीचा. स्वस्त मशीनसोबत दुहेरी तळाची बास्केट येते. तिच्या आतल्या तळाला नेहमीसारखी जाळी आणि बाहेरच्या तळाला सुईएवढे एकच छिद्र असते. म्हणजे दाब पुडीमुळे नव्हे, त्या छिद्रामुळे तयार होतो. त्यामुळे शिळ्या पुडीवरही फेस येतो आणि ग्राहक त्याला क्रेमा, म्हणजे ताज्या एस्प्रेसोवरचा दाट फेस, समजतो. विकतची तयार पूड वापरणाऱ्याला हीच बास्केट बरी, त्यात कमीपणा नाही. पण घरी ताजी दळून प्यायची असेल तर त्या मशीनला एकेरी तळाची बास्केट मिळते का, हे पैसे देण्याआधी बघावे. बास्केट ज्यात बसते तो दांड्याचा पोर्टाफिल्टर ५१, ५४ किंवा ५८ मिलिमीटरचा असतो. डेलाँगी डेडिका ५१ची, ब्रेव्हिल बॅम्बिनो ५४ची, गॅजिया क्लासिक ५८ची. ५८ हे कॅफेतले माप, म्हणून त्याच्या बास्केट, टॅम्पर (पूड दाबायचा दट्ट्या), गास्केट सहज मिळतात. ५१च्या बास्केटमध्ये साधारण १४ ते १६ ग्रॅम पूड बसते. तिच्यात १८ ग्रॅम कोंबली तर पूड वरच्या जाळीला टेकते आणि पाणी सारखे पसरत नाही.

पैसे घालायचे ते ग्राइंडरवर. सगळे मिळून वीस हजारांत बसवायचे असेल, तर आठ-नऊ हजार ग्राइंडरसाठी बाजूला काढावेत आणि उरलेल्यात मशीन बघावे. दुकानदार नेमके उलटे सांगतो, कारण त्याच्याकडे मशीन असते, ग्राइंडर नसतो. स्वयंपाकघरातल्या मिक्सरवर हे काम होत नाही. त्याचे पाते बी कापत नाही, फोडते, आणि एकाच भांड्यात मैदाही निघतो नि रवाही. पाणी रव्यातून पळते, मैद्यात अडकते आणि एकाच कपात कॉफी आंबटही लागते, कडूही. त्यासाठी बर, म्हणजे जात्यासारखी दातेरी चकती, असलेला ग्राइंडरच हवा.

हाताने फिरवायचा ग्राइंडर घेणार असाल तर एका क्लिकला बर किती सरकतो, हे विचारा. ८० मायक्रॉनच्या आसपास सरकणारा ग्राइंडर फ्रेंच प्रेसला उत्तम. एस्प्रेसोला मात्र एका क्लिकवर शॉट, म्हणजे एका वेळची कॉफी, १५ सेकंदांत वाहून जातो आणि पुढच्या क्लिकवर थेंबही उतरत नाही, मधली जागाच नसते. किंग्राइंडर के६ एका क्लिकला १६ मायक्रॉन सरकतो, वनझीप्रेसो जे-अल्ट्रा ८. विजेवरचा हवा असेल तर टप्पे नसलेला, सलग फिरणारा बघावा. तासभर वीज जाणाऱ्या गावात हाताचाच सोयीचा.

आपल्या हवेची एक खोड इथेच सांगतो. एप्रिल-मेमध्ये मराठवाड्याची हवा इतकी कोरडी असते की दळलेली पूड स्थिर विजेने ग्राइंडरच्या भांड्याला चिकटते आणि तिचा कोंडा ओटाभर उडतो. चमच्याची दांडी ओली करून बियांत एकदा फिरवावी आणि मग दळावे. तेवढा एक थेंब पुरतो. जुलैत हवा दमट झाली की कालपर्यंत बरोबर असलेले सेटिंग वेगळे वाहू लागते. ग्राइंडर बिघडला असे समजू नये, एक-दोन क्लिक हलवावेत.

सुरुवातीचे माप साधे आहे. १८ ग्रॅम पूड, कपात ३६ ग्रॅम कॉफी, २५ ते ३० सेकंद, पाणी ९२ ते ९४ अंश सेल्सिअस. बास्केट लहान असेल तर १५ला ३०. मोजायचे ते ग्रॅमवर, मिलिलिटरवर नाही, कारण क्रेमाच्या फुगवट्याने डोळा फसतो. त्यासाठी ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा लागतो. त्याच्याशिवाय बाकीची सगळी खरेदी वाया. शॉट २० सेकंदांच्या आत संपला आणि आंबट लागला तर दळण बारीक करा. ४० सेकंदांपुढे गेला, तोंड कोरडे पडले, कडू लागला तर जाड करा. एका वेळी एकच गोष्ट बदला. वजन, दळण आणि टॅम्पिंग तिन्ही एकदम बदलले तर कशामुळे काय झाले हे कळायला मार्ग राहत नाही. नव्या पिशवीचे पहिले दोन-तीन शॉट बेसिनमध्ये जाणार, हे धरूनच चालावे. २५० ग्रॅमच्या पिशवीत १८ ग्रॅमचे तेरा शॉट बसतात, त्यातून हे वजा.

वेळ बरोबर येऊनही चव बिघडली तर पाणी थरातून वाट फोडून निघाले असे समजावे. तळ नसलेला पोर्टाफिल्टर असला तर हे डोळ्यांनी दिसते. धारा मधोमध एकत्र येण्याऐवजी एका कडेने सुतासारखी पांढुरकी पिचकारी उडते आणि बाकीचा भाग काळाच राहतो. नंतर दबलेल्या पुडीची वडी ठोकून काढली की तिच्यात त्याच जागी टाचणीएवढे भोक सापडते. कारण बहुधा गुठळ्या, नाहीतर तिरके दाबणे. बुचाच्या लाकडात चार-पाच बारीक सुया खोचून पूड तळापर्यंत ढवळावी, बास्केट ओट्यावर हलकेच ठोकून सपाट करावी आणि टॅम्पर सरळ धरून एकदाच दाबावे. पूड पुरती दबल्यावर आणखी जोर लावून काही वाढत नाही, पण तिरका दाब हमखास नडतो.

बियांबाबत आपण सुदैवी आहोत. देशातली बहुतेक कॉफी शेजारच्या कर्नाटकात, चिक्कमगळूरु, कोडगू आणि हासनमध्ये पिकते. महाराष्ट्रातली थोडी विदर्भात चिखलदऱ्याला होते. ताजी भाजून पाठवणारे रोस्टर आता बरेच आहेत, नागपूरचे कॉरिडॉर सेव्हन त्यांतलेच. पिशवीवर ‘बेस्ट बिफोर’ नको, भाजल्याची तारीख हवी. ती नसेल तर पिशवी परत ठेवावी. भाजल्यावर बी कार्बन डायऑक्साइड सोडत राहते. दुसऱ्याच दिवशी वापरली तर नुसता फेस येतो आणि शॉट फसफसत वाहतो. मध्यम भाजणी सात ते चौदा दिवस मुरू द्यावी आणि पुढे महिनाभरात संपवावी.

घरी एस्प्रेसो शिकणाऱ्याने मध्यम ते मध्यम-गडद भाजणीपासून सुरुवात करावी. हलकी भाजणी ग्राइंडरची परीक्षा बघते, आणि ती आंबट लागली की नवशिक्याला चूक आपली की बीची हे कळत नाही. तेलाने चकाकणारी काळी बी मात्र नको, ती ग्राइंडरला चिकटते आणि वास धरते. कॉफीच्या मुख्य जाती दोन, अरेबिका आणि रोबस्टा. दुधासोबत प्यायची असेल तर ७०-८० टक्के अरेबिका आणि बाकी धुतलेली, म्हणजे फळाचा गर पाण्याने काढून वाळवलेली, रोबस्टा. कापी रॉयाल हा तिचा चांगला दर्जा. रोबस्टात कॅफीन अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट असते, क्रेमा दाट येतो आणि दुधातही चव मरत नाही. मलबार मान्सून्ड ही मंगळूरु किनाऱ्यावर पावसाळी वारे खाऊन फुगलेली, फिकट पिवळसर बी. तिच्यात आंबटपणा फारच कमी, म्हणून मिश्रणात ती फार उपयोगी. फुगल्याने ती हलकी असते. तेवढेच ग्रॅम बास्केटमध्ये जास्त जागा घेतात, त्यामुळे एखादा ग्रॅम कमी घ्यावा.

चिकोरी मिसळलेली फिल्टर कॉफीची पूड या मशीनमध्ये घालू नये. चिकोरी पाणी धरून ठेवते. पितळी फिल्टरमध्ये तोच तिचा गुण, इथे जाळी तुंबते. आणि घरात जायफळ घातलेली दुधाची कॉफीच आवडत असेल तर मशीनचा खर्चच करू नये. गॅसवर ठेवायच्या मोका पॉट या कॉफीच्या किटलीचा दाब जेमतेम दीड-दोन बार, पण त्या कॉफीला तो भरपूर झाला.

उन्हाळ्यात ४२ अंशांच्या खोलीत बी लवकर शिळी होते. आठवड्याचा साठा हवाबंद डब्यात काढून उरलेली १८-१८ ग्रॅमच्या पुड्यांत बांधून फ्रीझरमध्ये ठेवावी. फ्रीझरची मोठी पिशवी रोज उघडली-मिटली तर बियांवर दव धरते, त्यापेक्षा बाहेर ठेवलेली बरी.

आता पाणी. मराठवाड्यात एकाच घरात नळाचे, बोअरचे, टँकरचे आणि जारचे अशी चार पाणी येतात आणि मशीनच्या टाकीत हाताला लागेल ते जाते. बोअरच्या पाण्यातले कॅल्शियम बायकार्बोनेट तापले की त्याचा चुना होऊन बसतो. गीझरच्या कॉइलवर दिसतो तोच हा थर. लहान मशीनमध्ये पाणी थर्मोब्लॉकच्या, म्हणजे पाणी तापवणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, बारीक नळीतून जाते, म्हणून ती आधी बुजते. धार बारीक होते, वाफ ढिली पडते, पंपाचा आवाज बदलतो आणि मग सगळे थांबते. वॉरंटीत हे बहुधा बसत नाही.

शंभर-दोनशे रुपयांचा टीडीएस मीटर जरूर घ्यावा, पण त्याची मर्यादा ओळखून. तो एकूण क्षार अंदाजाने सांगतो, कठीणपणा सांगत नाही. इमारतीला मिठाचा सॉफ्टनर असेल तर कॅल्शियमच्या जागी सोडियम येते. चुना बसणे थांबते, पण मीटरवरचा आकडा जवळपास तोच राहतो. कठीणपणासाठी थेंब टाकून रंग बघायचे वेगळे किट मिळते. कॉफीसाठी टीडीएस लिटरला १५० मिलिग्रॅमच्या आसपास असावा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० ही स्वीकारार्ह मर्यादा आहे आणि पर्याय नसेल तर २०००पर्यंत चालते. म्हणजे पिण्यालायक पाणी मशीनलायक असेलच असे नाही.

मग आरओचे पाणी घातले की झाले? नाही. २०-३० टीडीएसच्या पाण्यात कॉफी अळणी लागते, धातू गंजू शकतो आणि पाण्याची विद्युतवाहकता मोजून पातळी ओळखणाऱ्या काही मशीनना टाकीत पाणी आहे हेच कळत नाही. उपाय घरातच आहे. एक लिटर आरओ पाण्यात ८.४ ग्रॅम खाण्याचा सोडा विरघळवून बाटलीत ठेवावा. त्यातले १० मिलिलिटर द्रावण एक लिटर आरओ पाण्यात मिसळावे. लिटरला ८४ मिलिग्रॅम सोडा झाला. त्यात कॅल्शियम नाही, म्हणून चुना धरत नाही, आणि आम्ल झेलायला बायकार्बोनेट आहे. चवीला जाणवत नाही.

ज्यांनी आधीच बोअरचे पाणी वापरले आहे त्यांनी लिटरभर पाण्यात २० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे किराणा दुकानातले लिंबूसत्त्व, विरघळवावे. अर्धे मशीनमधून काढावे, वीस मिनिटे थांबावे, उरलेले काढावे आणि दोन टाक्या चांगले पाणी सोडावे. बॉयलर अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर हे करू नये, कंपनी सांगेल तेच द्रावण वापरावे.

विजेचेही असेच. १३५० वॅटच्या मशीनला जवळपास ६ अँपिअर लागतात, म्हणून १६ अँपिअरचा पॉवर पॉइंटच हवा. घरच्या ८००-९०० व्हीएच्या इन्व्हर्टरवर ते चालत नाही. संध्याकाळी व्होल्टेज २३०वरून १८०वर आले तर हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते आणि १३५० वॅटचे सव्वाआठशेच उरतात. पंपही दमतो. अशा भागात फ्लेअरसारखे दांडा हाताने दाबायचे मशीन शहाणपणाचे. गॅसवर पाणी उकळले की काम भागते. त्याला वाफेची नळी मात्र नसते.

दुधाबद्दल एवढेच की म्हशीचे सुटे दूध तापवून, साय काढून, गाळून, फ्रिजमध्ये गार करून घ्यावे. १५० मिलिलिटरला पहिली तीन-चार सेकंदच हवा द्यावी, मग नळीचे टोक बुडवावे आणि ६० ते ६५ अंशांवर थांबावे.

आपल्या ग्राहक पानावर अशा उपकरणांची माहिती येते तेव्हा बारच्या आकड्याऐवजी चार गोष्टी छापाव्यात, ही विनंती. एकेरी तळाची बास्केट मिळते का, वॅट किती, गास्केट सुटे मिळते का, आणि दुरुस्तीचे केंद्र मराठवाड्यात आहे की मशीन खोक्यात घालून पुण्याला पाठवावे लागते.

आपला विश्वासू,
एक वाचक, लातूर