क्लाउड गेमिंगची वाट मोकळी ठेवणारा निर्णय

ब्रिटनच्या स्पर्धा व बाजारपेठ प्राधिकरणाने २६ एप्रिल २०२३ रोजी मायक्रोसॉफ्टला ‘ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड’ ही व्हिडिओ गेम कंपनी विकत घेण्यास सुरुवातीला मनाई केली होती. तो निर्णय योग्यच होता. सुमारे ६९ अब्ज डॉलरच्या या सौद्याची चर्चा ‘कॉल ऑफ ड्यूटी’ हा तिचा गेम प्रतिस्पर्धी सोनीच्या ‘प्लेस्टेशन’ या कन्सोलवर (गेम खेळण्याच्या यंत्रावर) राहणार की नाही, याभोवतीच फिरत राहिली. खरा धोका क्लाउड गेमिंगला होता आणि प्राधिकरणाने तो नेमका ओळखला. महागडा कन्सोल न घेता इंटरनेटवरून गेम खेळू देणारी ही बाजारपेठ तेव्हा बाल्यावस्थेत होती. तरीही प्राधिकरणाच्या अंदाजानुसार जगभरातील तिचा ६० ते ७० टक्के हिस्सा तेव्हाच मायक्रोसॉफ्टकडे होता. काही प्रतिस्पर्ध्यांना दहा वर्षे गेम पुरवण्याचे करार कंपनीने केले खरे. पण उद्या येणाऱ्या नव्या स्पर्धकाला कोणत्या अटींवर गेम मिळणार, हे त्यानंतरही मायक्रोसॉफ्टच ठरवणार होती.