कोकणच्या ज्यू स्वयंपाकाला किनाऱ्यावर जागा हवी

संपादक महोदय,

मांडव्याच्या जेट्टीवर उतरून अलिबाग, चौल, रेवदंडा, मुरूड असा किनारा धरून जाणाऱ्या पर्यटकाला मालवणी थाळी, पंजाबी आणि चायनीज याच पाट्या पुन्हा पुन्हा दिसतात. मालवणी जेवणाबद्दल मला आदर आहे. परंतु मालवण येथून तीनशेहून अधिक किलोमीटर दूर आहे, आणि रायगडच्या घराघरांत होणारे वालाचे बिरडे, घावणे, थंडीतली पोपटी हे पाहुण्याच्या ताटात क्वचितच येते.

अमेरिकेला जाऊन आलेली आपली माणसे न्यूयॉर्कमधील ज्यू डेलींचे, म्हणजे तयार खाण्याच्या दुकानांचे, भरभरून वर्णन करतात आणि तसले पास्ट्रामी सँडविच मुंबईत कुठे मिळेल, याची चौकशी करतात. हे कौतुक रास्तच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पूर्व युरोपातून तेथे गेलेल्या ज्यूंनी उपजीविकेसाठी दुकाने थाटली, आणि मसाला चोळून धुरी दिलेले मांस, राय या धान्याचा पाव, खारवलेल्या काकड्या, मात्झो या बिनखमिराच्या पोळीच्या चुऱ्याच्या गोळ्यांचे सूप हे त्यांचे घरचे जेवण साऱ्या शहराचे झाले. 1888 हे स्थापनावर्ष सांगणारे कॅट्झ हे तेथील दुकान आजही गर्दीने भरलेले असते. परंतु ज्यू जेवण म्हणजे एवढेच, अशी समजूत ज्या किनाऱ्यावर कोकणी ज्यूंचा बेने इस्रायल समाज शतकानुशतके नांदला त्याच किनाऱ्यावर रूढ व्हावी, याचे मला मनापासून वाईट वाटते.

या समाजाचे पूर्वज नवगावजवळ गलबत फुटून किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. पुढे ते गावोगाव तेलाचे घाणे चालवू लागले, शनिवारी, म्हणजे शब्बाथ या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद ठेवीत म्हणून शनवार तेली म्हणून ओळखले गेले, आणि पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहिमकर अशी आडनावे लावून येथलेच झाले. त्यांच्या स्वयंपाकात धर्माचे नियम आणि कोकणची सामग्री इतकी एकजीव झाली आहे की, एकातून दुसरे वेगळे काढता येत नाही. मांसाबरोबर दूध चालत नाही, म्हणून मटणाच्या रश्शात नारळाचे दूध पडते आणि जेवणानंतरचे गोडही नारळाच्या दुधातच शिजते. खवले आणि पर असलेलाच मासा चालतो, म्हणून कोळंबी, खेकडे, कालवे या घरांत शिजत नाहीत. पापलेटाची आमटी मात्र होते. रोश हशाना या नव्या वर्षाच्या सणाला गव्हाचा चीक काढून नारळाच्या दुधात व साखरेत घोटत आणलेला हलवा, एलियाहू हनाबी, म्हणजे प्रेषित एलियाहू, यांच्या प्रार्थनेसाठी पोहे, ओले खोबरे, साखर, वेलची, सुका मेवा घालून केलेला आणि फळांसह मांडलेला मलिदा, शब्बाथसाठी काळ्या मनुकांचे सरबत, ही त्यांची खास ओळख. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोक पाळणाऱ्या उपवासाला तर हे लोक बिरड्याचा रोजा म्हणत, कारण त्या दिवशी बिरड्याचा मान असे. शेजारच्या घरी श्रावणात शिजणारे बिरडे आणि हे बिरडे, दोन्हींचा वाल एकाच शेतातला.

न्यूयॉर्कमध्ये जे घडले ते येथे घडले नाही, याचे कारण उघड आहे. घाणे सुटल्यावर या समाजातील पुष्कळ माणसे सैन्यात आणि सरकारी नोकरीत गेली. त्यांचे अन्न घरात आणि सणातच राहिले, त्याची खाणावळ झाली नाही. 1948 नंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली आणि त्यांच्याबरोबर हे पदार्थही आपल्या नजरेआड झाले.

जिल्हा परिषद आणि पर्यटन विकास महामंडळ यांना माझी विनंती आहे की, येथे उरलेल्या मोजक्या बेने इस्रायल कुटुंबांची संमती व मार्गदर्शन घेऊन महिला बचत गटांना हे पदार्थ शिकवावेत, आणि त्यांना अलिबाग व रेवदंडा येथे विक्रीसाठी कायमची जागा द्यावी. आरंभ हलवा, मलिदा आणि बिरडे यांपासूनच करावा. मांसाहारी पदार्थांसाठी जनावर धर्मनियमानुसार कापणारा जाणकार लागतो, भांडी वेगळी ठेवावी लागतात. ती व्यवस्था होत नाही तोवर कोणीही पाटीवर ‘कोशर’ (ज्यू धर्मनियमांनुसार शुद्ध) असे लिहू नये. अलिबागच्या इस्रायल आळीतील मागेन अबोथ हे सिनेगॉग पाहायला पर्यटक येतातच. त्यांना त्याच गावात या समाजाच्या हातची चवही मिळावी. मात्र प्रार्थनास्थळाच्या दारात गाड्या लावून गोंगाट करू नये, एवढे पथ्य अवश्य पाळावे.

आपल्या वृत्तपत्राकडूनही एक अपेक्षा आहे. इस्रायलमध्ये मराठी बोलणारी बेने इस्रायल कुटुंबे आजही आहेत आणि तेथे ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिकही निघत आले आहे. तेथील ज्येष्ठ स्त्रियांकडून गहू किती दिवस भिजवावा, चीक किती वेळ निवू द्यावा, नारळाचे पहिले दूध केव्हा आणि दुसरे केव्हा घालावे, हे तपशिलासह लिहून मागवावे आणि रोश हशानाच्या आधीच्या रविवार पुरवणीत छापावे.

आपला,
एक वाचक, रेवदंडा (जि. रायगड)