परदेशातला दाखला आणि इथलं घर

महोदय,

परदेशी नागरिकत्व घेतलेली व्यक्ती तिकडे वारली आणि पुण्या-मुंबईत तिच्या नावावर फ्लॅट असला, की बहुतेक सोसायट्या वारसांना ‘सक्सेशन सर्टिफिकेट आणा’ एवढंच सांगतात. वारस तसा अर्ज करतात आणि अडकतात. १९२५च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखालचं हे प्रमाणपत्र येणी आणि रोख्यांसाठी आहे: बँकेतल्या ठेवी, शेअर, बाँड. फ्लॅट, प्लॉट, शेतजमीन त्यात बसत नाही. मृत्युपत्र नसेल तर महाराष्ट्रात स्थावरासाठी १८२७च्या मुंबई रेग्युलेशन आठखालचा वारस दाखला दिवाणी न्यायालयातून काढावा. त्यात जाहीर नोटीस निघते आणि हरकतींसाठी महिन्याची मुदत असते. सहकारी संस्था कायद्याचं कलम १५४ब-१३ हा दाखला, तसंच मृत्युपत्र किंवा कौटुंबिक व्यवस्थेचा दस्तही मान्य करतं. सोसायट्यांनी एकाच कागदावर अडून बसू नये.

मृत्युपत्र लंडन किंवा टेक्ससच्या न्यायालयात सिद्ध झालं असेल, तरी तो आदेश थेट इथल्या फ्लॅटला लागू होत नाही. पण सगळं पहिल्यापासून सिद्ध करायचीही गरज नसते. उत्तराधिकार कायद्याच्या कलम २२८नुसार मृत्युपत्राची रीतसर प्रमाणित प्रत दिली, की न्यायालय तिच्या आधारे मालमत्तेचा कारभार पाहण्याचा अधिकार, म्हणजेच लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन देऊ शकतं. मात्र काही अमेरिकी राज्यांत स्वहस्ताक्षरातलं, साक्षीदारांविना केलेलं मृत्युपत्र चालतं. इथल्या घरासाठी दोन साक्षीदारांच्या सह्या लागतातच.

खरी गफलत मृत्युपत्र नसताना वारसांच्या यादीत होते. तिकडच्या कागदांत पत्नी आणि मुलं असतात, तीच नावं वकील इथे उतरवतात. मृत व्यक्ती हिंदू पुरुष असेल तर हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार हयात आई ही प्रथम वर्गाची वारस आहे, तिचा हिस्सा पत्नी आणि प्रत्येक मुलाइतकाच. सांगलीत राहणाऱ्या आईचं नाव गाळून सक्सेशन सर्टिफिकेट मिळवलं, तर माहिती दडवल्याच्या कारणावरून ते भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम ३८३खाली रद्द होऊ शकतं, आणि तोवर ठेव मोडून वाटूनही झालेली असते. उलट, बिगरहिंदू जोडीदाराशी विशेष विवाह कायद्याखाली लग्न झालं असेल तर वाटणीलाही भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. मग पत्नीला एक तृतीयांश, उरलेलं मुलांना, आणि मुलं असताना आईला काहीच नाही. म्हणून अर्ज लिहिण्याआधी विवाह नोंदणीचा दाखला बघायलाच हवा.

मृत्यूच्या दाखल्यावर त्या देशाचं अपोस्टील, म्हणजे कागद खरा असल्याचं दुसऱ्या देशांत चालणारं सरकारी प्रमाणपत्र, हवं. अमेरिकेत ते दाखला ज्या राज्याचा, त्याच राज्याकडून मिळतं. कॅनडात ही सोय ११ जानेवारी २०२४पासून आहे. दुबईच्या कागदांना अपोस्टील नसतं, तिथल्या परराष्ट्र खात्याचा आणि भारतीय वकिलातीचा शिक्का लागतो. खरेदीखतावर वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव आणि परदेशी दाखल्यावर नुसतं आद्याक्षर, यावरून तारखांवर तारखा पडतात. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र, रद्द झालेला भारतीय पासपोर्ट, पॅन आणि तिकडचं नागरिकत्वाचं प्रमाणपत्र सुरुवातीलाच जोडावं. परदेशातून आलेल्या कुलमुखत्यारपत्रावर ते महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क भरावं लागतं. पाकिटावरची तारीख त्यासाठी जपून ठेवावी.

यातलं बरंचसं वकिलाकडे जाण्याआधीच कळलं तर परदेशातल्या वारसांचे हेलपाटे वाचतील. जिल्हा न्यायालयांनी वारस दाखल्याच्या अर्जासाठी लागणाऱ्या परदेशी कागदांची यादी मराठीत फाइलिंग खिडकीवर लावावी आणि सहकार खात्याने सोसायट्यांना कलम १५४ब-१३चं परिपत्रक पुन्हा एकदा पाठवावं, ही विनंती.

– एक वाचक, पुणे