हुरड्याचा प्लॅन जमवून देणाऱ्या वरच्या मजल्यावरच्या ताईंना जाहीर थँक्यू

ताई, नमस्कार.

तुम्हाला लिफ्टमध्ये गाठून थँक्यू म्हणलं की तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणता आणि आपल्या मजल्यावर उतरून जाता, म्हणून आता इथे सगळ्यांसमोर लिहितेय. शिवाय डिसेंबर लागला की प्रत्येक फॅमिली ग्रुपवर "कुणाला हुरड्याचं चांगलं ठिकाण माहितीये का" हा मेसेज फिरतोच, तर ज्यांनी ज्यांनी तो टाकलाय त्यांनी पण वाचा, तुमचं काम होईल.

मी तरी दुसरं काय विचारायला आले होते? नणंद आणि तिचे मिस्टर ख्रिसमसच्या सुट्टीत दुबईहून येणार, सोबत त्यांची अडीच वर्षांची पिल्लू, आमचा आठवीतला, सासूबाई, सासरे, आम्ही दोघं, सगळ्यांना घेऊन एक दिवस शेतावर जायचं, चांगली जागा सांगा. मला वाटलं तुमचं माहेर दौंडकडचं, तुम्ही फटकन दोन नंबर फॉरवर्ड कराल. तुम्ही नाव सांगितलंच नाही. दुधाच्या बिलाची पाठ घेतलीत, पेन घेतलं आणि म्हणालात, "एकेकाचं सांग, कुणाला काय जमत नाही." सासूबाईंचे गुडघे, खाली बसता येत नाही, इंडियन टॉयलेट चालत नाही. सासऱ्यांना शुगर, आणि त्या बाजूला गेलं की मोरगावचं दर्शन झालंच पाहिजे. पिल्लू दुपारी झोपली नाही तर संध्याकाळी सगळ्यांना फेस आणते. आमच्या चिरंजीवांना कुठेच जायचं नसतं. तुम्ही सगळं लिहून घेतलंत आणि मला काय आवडेल, कुणाला काय बघायचंय, हे एकदाही विचारलं नाहीत, जे बाकी सगळे आधी विचारतात.

मग तारीख. आम्ही आपलं ठरवून टाकलेलं, सोमवार 30 डिसेंबर, वीकडे आहे म्हणजे गर्दी नसणार, किती हुशार आम्ही. तुम्ही भिंतीवरचं कालनिर्णय काढलंत आणि बोट ठेवून दाखवलंत, सोमवती अमावस्या. सासवड-जेजुरीच्या रस्त्याने जायचं आणि सोमवतीला? त्या दिवशी खंडोबाची पालखी कऱ्हेवर स्नानाला जाते, अख्खी जेजुरी भंडाऱ्याने पिवळी असते आणि गाड्या जिथल्या तिथे. बरं मग 26 चा गुरुवार, तर तो मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार, नणंदेचा आणि सासूबाईंचा उपवास, समोर भरीत-भाकरी आणि या दोघी केळं खात बसणार. शनिवार-रविवार तर अर्धं पुणं तिकडेच असतं. उरला शुक्रवार 27, तोच धरला. गुगल मॅपने यातलं एक तरी सांगितलं असतं का, मला सांगा.

आणि मग तुम्ही जे केलंत ना, त्यासाठी खरं तर हे पत्र. तुम्ही माझ्यासमोर स्पीकरवर तीन-चार ठिकाणी फोन लावलेत. आम्ही फोन करतो तेव्हा काय विचारतो, पर हेड किती, नाष्टा धरून का, स्विमिंग पूल आहे का. तुमचा पहिला प्रश्न, "ज्वारी तुमच्याच रानातली का बाहेरून आणता?" एकाने तिथेच "बघा ना मॅडम, सोय होऊन जाईल" केलं, तुम्ही फोन ठेवलात. दुसरा प्रश्न, पेरणी कधी झाली. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हुरडा म्हणजे हॉटेलातला मेनू नव्हे, की बाराही महिने मिळेल. पेरल्यापासून साधारण तीन महिने-सव्वातीन महिन्यांनी दाणा हुरड्यावर येतो, आणि मग मोजके दिवस. आधी गेलात तर नुसतं दूध, उशिरा गेलात तर दाणा टणक, मग त्याची भाकरीच करायची. म्हणून जाणते शेतकरी थोड्या थोड्या दिवसांच्या अंतराने तुकडे पेरतात, म्हणजे जानेवारी संपेपर्यंत पाहुण्यांना पुरतं.

मोरगावच्या पुढे सुप्याच्या अंगाला ज्यांच्याकडे शेवटी गेलो ते काका फोनवर खरं बोलले, की यंदा परतीच्या पावसाने वाफसा यायला, म्हणजे जमीन पेरण्याइतकी सुकायला, उशीर झाला, बाकीची ज्वारी अजून मागे आहे, पण एक तुकडा गणपती विसर्जनाच्या सुमाराला पेरून घेतला होता, तो 27 ला येईल असं वाटतंय. तर तुम्ही म्हणालात, "वाटतंय नको, आदल्या दिवशी रानात जाऊन दाणा नखाने दाबा, दूध उडलं तर सांगा, आम्ही येत नाही." पलीकडे काका हसायलाच लागले, "ताई, कुठल्या गावच्या?" त्यानंतर ते दोघं बियाण्यावर जे सुरू झाले, गुळभेंडी बरी का सुरती, मालदांडीचा हुरडा का लागत नाही तसा, आणि राहुरीच्या विद्यापीठाने खास हुरड्यासाठी काढलेली फुले मधुर कुणी लावलीये, मी आणि तुमचा कुकर दोघं बाजूला. एवढं समजलं की हुरड्याच्या वाणाचा दाणा गोड पाहिजे, आणि बोंडातून सहज सुटला पाहिजे, नाहीतर मळता मळता हात दुखतात आणि तोंडात कूस, म्हणजे दाण्यावरचं टोचरं तूस, येते.

(आमच्या घरात ज्वारीला एवढा मान कधीच नव्हता हं. 2023 ला ते जागतिक मिलेट वर्ष झालं आणि मग नवऱ्याला अचानक ज्वारीच्या क्रॅकर्सचा पुळका आला, तोवर भाकरी म्हणलं की तोंड वाकडं.)

26 ला संध्याकाळी काकांचा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला, अंगठ्यावर तीन-चार दाणे, एक चिरडलेला, आत मऊ पिठासारखं. खाली मेसेज, "या." बास.

रस्ता तुम्ही सांगितलात तसाच धरला. सकाळी लवकर निघून दिवे घाट उजाडता उजाडता चढलो, सासवडला चहा, आणि जेजुरीला न थांबता सरळ मोरगाव. सासूबाईंची कुरकुर झाली की एवढं येऊन खंडोबाला नाही जायचं, पण तुम्ही आधीच बजावलेलं, त्या गुडघ्यांनी गडाच्या पायऱ्या आणि शेतातलं चालणं एका दिवसात नाही. गाडीतूनच हात जोडले, येळकोट केला. मोरगावला मयूरेश्वराचं दर्शन इतकं निवांत झालं की सासरे बाहेर येऊन म्हणाले आता घरी गेलो तरी चालेल. अष्टविनायकातला पहिला गणपती झाला, बाबांचा दिवस वसूल, पुढचा सगळा आमचा.

आता शेतावरचं. काका-काकूंना तुम्ही फोनवर आमची अख्खी कुंडली देऊन ठेवलेली हे आम्हाला तिथे गेल्यावर कळलं. आगटी पेटवलेली, गोवऱ्यांचा मस्त निखारा झालेला, भोवती पोती अंथरलेली आणि एकाच बाजूला एक खुर्ची. मी ती जरा पुढे सरकवायला गेले तर काकू म्हणाल्या, "नको, तिथंच राहू द्या, वारं इकडून तिकडं आहे, आजींना धूर लागणार नाही. ताईंनी सांगितलंय." ताई, तुम्ही वाऱ्याचं पण सांगितलं होतंत? धन्य आहात.

काकांनी कणसं देठाला धरून गरम राखेत खुपसली. हिरवा रंग जरा काळवंडला, वास सुटला, तसं एकेक बाहेर काढून झटकलं आणि दोन्ही तळहातांत धरून असं काही चोळलं की दाणे खाली सुपात टपटप. मग सूप पाखडलं, कूस उडाली, आणि राहिला तो हिरवागार, गरम, मऊ दाणा. सोबत लसणाची चटणी, शेंगदाण्याची, तुम्ही दिलेली कारळ्याची, घट्ट दही, गूळ. नणंदेचे मिस्टर मूळचे इंदूरचे, त्यांनी आधी चमच्याने चार दाणे घेतले, शिष्टासारखे, आणि मग तळहात पुढे केला तो मागे घेईचनात. काकूंनी पाणी पिऊ दिलं नाही कुणाला, हुरड्यावर ताकच, तुम्ही पण तेच सांगितलेलं.

आमचे चिरंजीव कानात हेडफोन घालून बांधावर. त्याच्याबद्दल तुम्ही काकांना एकच वाक्य बोलला होतात म्हणे, "पोराला काहीतरी काम लावा." काकांनी त्याला बोलावून हातात गोफण दिली. उभ्या ज्वारीवर पोपट आणि चिमण्या नुसत्या तुटून पडलेल्या, राखण केली नाही तर हुरडा राहतच नाही हे त्याने डोळ्यांनी बघितलं. पहिला दगड मागे गाडीच्या दिशेला गेला, नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा, मग काकांनी दगड काढून घेऊन मातीची ढेकळं दिली. हेडफोन कुठे पडले ते संध्याकाळी शोधत होतो. येताना मला सांगतो, आई तुला माहितीये, कोवळी ज्वारी गुरांनी खाल्ली तर विषबाधा होते, त्यात सायनाइड तयार होतं, म्हणून ज्वारी लहान असताना गुरं सोडत नाहीत रानात. पुस्तकात हेच असतं तर पाठ झालं नसतं.

पिल्लूचं पण सांगते. करडांच्या मागे धावून धावून दमली, त्यांना चारा भरवला, त्यांच्या तोंडातला चारा स्वतःच्या तोंडात घालायला निघाली तिथे मात्र तुमची पिशवी कामाला आली. साबण, नॅपकीन, आणि बाटलीवर चिकटवलेली चिठ्ठी, "गोठ्यातून आलं की आधी हात". मला वाटलेलं शेतावर नळ असतो की. नळ होता, साबण नव्हता. हुरडा हातानेच खायचा, आणि पोरं शेण-माती सगळीकडे हात लावून येतात, म्हणजे हे खरंच महत्त्वाचं आहे, जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा. बैलगाडीत तिला घेऊन नणंद एकटीच बसली, गर्दी करून बसायचं नाही म्हणून, आणि बैलांच्या मागच्या बाजूला तिला कुणी जाऊ दिलं नाही. दुपारी काकूंच्या माजघरात गोधडीवर ती जी झोपली ती दोन तास. ती खोली पण तुम्हीच मागून ठेवलेली.

जेवण पिठलं, भरीत, चुलीवरची भाकरी, ठेचा, त्याबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांनी ठासून खाल्लं आणि आधीच पोटभर हुरडा खाल्ल्यामुळे सगळ्यांना जड झालं. बाबांच्या ताटातून रेवड्या वगळायची सूचना काकूंनी इमानदारीने पाळली, पण नातीच्या वाटणीच्या रेवड्या संपल्या कशा हे तिला विचारू नका, आजोबांना विचारा.

मागे एकदा ऑफिसच्या ग्रुपबरोबर मी अशाच एका "अ‍ॅग्रो टुरिझम"ला गेले होते, नाव घेत नाही. डीजे, भर थंडीत रेन डान्स, आणि रांगेत उभं राहून कागदी प्लेटमध्ये गार हुरडा, कणीस कुठे दिसलंच नाही. तेव्हापासून माझं मत झालेलं की हे सगळं पुणेकरांना लुटायचं काम. पण बारामतीजवळ पळशीवाडीला पांडुरंग तावरेंनी 2005 ला कृषी पर्यटन सुरू केलं तेव्हा त्यात शेती हीच बघण्याची गोष्ट होती ना, पूल नव्हे. 2020 ला सरकारचं कृषी पर्यटन धोरण पण आलं, पर्यटन संचालनालयाकडे केंद्रांची नोंदणी होते, काकांनी त्यांचं सर्टिफिकेट ओसरीवर फ्रेम करून लावलंय. त्यांना तिथे ज्वारीचे बाजारात मिळतात त्याहून बरे पैसे सुटतात आणि काकूंच्या स्वयंपाकाचे वेगळे मिळतात, हे त्यांनीच सांगितलं. पैसे देताना म्हणूनच घासाघीस करायची नाही असं तुम्ही नवऱ्याला बजावलेलं, त्याने केली नाही, मी लक्ष ठेवून होते.

परतीला घाटात नको म्हणून सुपे-चौफुला करून सोलापूर हायवेला लागलो. सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्याच्या कडेने जाताना माळावर चिंकारा दिसले, दोन की तीन यावर घरात अजून वाद चालू आहे. हडपसरला अडकलोच, ते काय तुमच्याही हातात नाही.

आता दोन कामाच्या गोष्टी. तुमचा कारळ्याच्या चटणीचा डबा माझ्याकडे आहे, काकूंनी त्यात तुमच्यासाठी बोरं भरून दिलीत, उद्या सकाळी आणून देते, घरी असाल ना? आणि नवऱ्याच्या ऑफिसातले दोघं जण फोटो बघून तुमचा नंबर मागतायत, जानेवारीत त्यांना जायचंय. काकांचा दिलाय, तुमचा दिलेला नाही. त्यांना सांगितलंय की आधी कागदावर कुणाला काय जमत नाही ते लिहून काढा. तरी तुमच्याशीच बोलायचं म्हणतायत, तर देऊ का नको ते सांगा.