पहिल्या बालवॉर्डआधी मुक्ताला पत्र

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोन ठेवलास तेव्हा बोलणं अर्धंच राहिलं. सोमवारपासून तुझी नर्स म्हणून बालरुग्ण वॉर्डातली पहिली पोस्टिंग. मी डोसच्या गणितांचं विचारलं आणि तू म्हणालीस, "आई, परीक्षा झाली, पास झाले, आता पुरे." तुझ्या गणिताची मला भीती नाही. अडल्यावर तू विचारत नाहीस, त्याची आहे. हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं, तरी लिहून गेले. राहू दे.

मोठ्यांच्या वॉर्डात डोस बहुतेक वेळा तयारच असतो. एक गोळी, एक अँप्युल, म्हणजे इंजेक्शनची काचेची कुपी. चुकून दहापट द्यायचं म्हटलं तर दहा अँप्युल फोडाव्या लागतील, आणि तिसऱ्या-चौथ्यालाच हात थबकेल. लहान मुलाच्या बाबतीत हात थबकत नाही. दहा किलोच्या मुलाला मॉर्फिन शिरेतून किलोला ०.१ मिलिग्रॅम लिहिलं असेल तर लागतं १ मिलिग्रॅम, आणि अँप्युलमध्ये असतात १०. दहापट डोस त्या एका छोट्या सिरिंजमध्ये मावतो, बघणाऱ्याला काहीच वावगं दिसत नाही. म्हणून दशांशचिन्हाला जप. अर्धा लिहायचा तर ०.५ लिही, नुसता .५ नको, टिंब पुसट झालं की त्याचे ५ होतात. एक लिहायचा तर १, पुढे टिंब-शून्य नको, त्याचे १० वाचले जातात. मायक्रोग्रॅम हा शब्द पूर्ण लिही.

पॅरासिटामॉलसारखं साधं औषध घे. बारा किलोचं मूल, किलोला १५ मिलिग्रॅम, म्हणजे १८० मिलिग्रॅम. बाटलीवर ५ मिलीत १२० असेल तर ७.५ मिली. ५ मिलीत २५० असेल तर ३.६ मिली. आणि थेंबांची बाटली असेल, १ मिलीत १०० वाली, तर फक्त १.८ मिली. औषध तेच, मूल तेच. कुणी घाईत "साडेसात मिली दे" म्हणालं आणि तुझ्या हातात थेंबांची बाटली असली, तर ७५० मिलिग्रॅम पोटात गेलं, चौपटीहून जास्त. "किती मिली" या प्रश्नाला अर्थच नाही. किती मिलिग्रॅम ते विचार, मग बाटली वाच. घरचे "थोडं औषध दिलंय" म्हणाले तर कोणती बाटली, किती वाजता, आणि चोवीस तासांत कितव्यांदा, एवढं विचारल्याशिवाय पुढचा डोस काढू नकोस. तोंडाचं औषध तोंडाच्याच सिरिंजमध्ये भर, जी सलाईनच्या नळीला बसतच नाही.

आणि वजन. आजचं, किलोत, तू स्वतः काट्यावर बघितलेलं. तान्ह्याचं कपडे आणि डायपर काढून. सलाईनची सुई हलू नये म्हणून हाताला फळी बांधलेली असेल तर तशी नोंद कर. चार महिन्यांच्या बाळाचं मागच्या महिन्यातलं वजन कुठल्याच कामाचं नाही. पौंडातला आकडा किलो समजला गेला तर दुपटीहून जास्त औषध जातं.

दुसऱ्या नर्सकडून तपासून घेताना आपलं उत्तर आधी सांगायचं नाही. "साडेसात येतं ना?" असं विचारलंस की समोरची "हो" म्हणते, आणि त्या "हो"चा काही उपयोग नाही. तिला वजन, लिहिलेला डोस आणि बाटली दे, तिला वेगळं मोजू दे, मग दोन्ही उत्तरं शेजारी ठेवा. ती घाईत असेल, तिच्या कपाळावर आठी येईल. येऊ दे.

तिसरीत तू वहीत गणित इतक्यांदा खोडायचीस की कागदाला भोक पडायचं, पण बाबा शेजारी बसलेले असताना त्यांना विचारायची नाहीस. शेवटी उत्तर बरोबर यायचंच. आत्या म्हणायची, ही पोर कुणाचं ऋण ठेवणार नाही. मला तेव्हा केवढं कौतुक वाटायचं! आजही वाटतं, खोटं कशाला बोलू. पण वॉर्डात खोडून पुन्हा लिहायला कागद नसतो गं.

बघ, पुन्हा तिथेच आले. माफ कर. तपासणीचं लिहिते.

मुलाला हात लावायच्या आधी श्वास मोज. झोपलेलं किंवा आईच्या मांडीवर असतानाच, पूर्ण मिनिटभर. तान्ही बाळं काही सेकंद श्वास थांबवून मग भराभर घेतात, त्यामुळे पंधरा सेकंद मोजून चारने गुणलंस तर आकडा फसवतो. दोन महिन्यांच्या आत साठ, वर्षाच्या आत पन्नास, पाच वर्षांच्या आत चाळीस, किंवा त्याहून जास्त म्हणजे श्वास जलद. छाती आत ओढली जाते का, नाकपुड्या फुलतात का, बाळ कण्हतं का, ते बघ. मग हृदयाचे ठोके स्टेथोस्कोपने, तेही पूर्ण मिनिट. मग ताप. कान आणि घसा अगदी शेवटी, कारण त्यानंतर रडारड ठरलेली. रडताना घेतलेल्या आकड्याशेजारी "रडत होतं" असं लिही, नाहीतर पुढच्या पाळीला तो आकडा खरा वाटतो.

रक्तदाबावर विसंबू नकोस. मुलं तो शेवटपर्यंत धरून ठेवतात. आधी ठोके वाढतात, हातपाय गार पडतात, छातीच्या हाडावर पाच सेकंद दाबून सोडलं तर रंग परतायला तीन सेकंदांहून जास्त लागतात. रक्तदाब उतरला तेव्हा बराच उशीर झालेला असतो. सकाळी सुईला लाथा झाडणारं पोर संध्याकाळी निमूट टोचून घेत असेल तर "शहाणं झालं" म्हणू नकोस, तिथूनच हाक मार. तक्त्यातला आकडा चुकीचा दिसेपर्यंत थांबायचं नाही. "मला हे मूल बरं दिसत नाही" एवढंच सांगता आलं तरी सांग. शेजारी बसलेली आई "हा असं कधी करत नाही" म्हणाली तर तेही तिच्याच शब्दांत लिही. ब्रिटनमध्ये १९५९ च्या प्लॅट अहवालाने आईबापांना मुलाजवळ राहू द्या म्हटलं, ते तू परीक्षेत लिहिलंच असशील. ती माणसं तिथे का हवीत ते तुला पहिल्या आठवड्यातच कळेल.

सलाईन. चौदा किलोच्या मुलाला दिवसाचे १२०० मिली, म्हणजे पहिल्या दहा किलोंचे हजार आणि वरच्या चारांचे दोनशे. तासाला ५० मिली. मायक्रो ड्रिपमध्ये साठ थेंबांचा एक मिली, म्हणून मिनिटाला पन्नास थेंब. बाटलीखालच्या मोजपात्रात एका वेळी तास-दोन तासांपुरतंच भर, म्हणजे चाप सैल झाला तरी सगळी बाटली अंगात जाणार नाही. दर तासाला पट्टी बाजूला करून सुईची जागा बघ, सूज, गार कातडी, पांढुरकेपणा. पंप वाजला नाही म्हणजे सगळं ठीक असं नसतं. नाकातल्या नळीतून दूध देताना नळी पोटातच आहे ना हे कळायला प्रत्येक वेळी आधी पोटातलं ओढून कागदावर पीएच, म्हणजे आम्लता, बघ, ५.५ किंवा कमी हवा. हवा सोडून गुडगुड ऐकण्यावर भरवसा नको. शंका असली तर दूध थांबव आणि विचार.

शंका असली तर विचार, विचार, विचार. किती वेळा लिहू? तू हा विषय स्वतः निवडलास, दादाचंही ऐकलं नाहीस, त्याचा मला अभिमान आहे आणि त्याच हट्टाची धास्तीही आहे. वाक्य तयारच ठेव: "सिस्टर, वजनाच्या मानाने मला हा डोस जास्त वाटतो, माझ्याबरोबर एकदा मोजाल का?" "दे गं" असं उत्तर आलं तर देऊ नकोस. औषध ट्रेमध्ये ठेव आणि इन्चार्जकडे जा. त्यावरून कुणी रागावलं तर मला सांग, नाहीतर नको सांगूस, पण जा.

रात्रपाळी कधी लागते ते कळव, म्हणजे सकाळी फोन करून तुझी झोप मोडणार नाही. बाबांचा गुडघा आता बरा आहे.

तुझी,
आई