गॉल्जीच्या थैल्या आणि माझे गेलेले मार्क

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या विज्ञान पुरवणीतला गॉल्जी बॉडीवरचा, म्हणजे पेशीतली प्रोटीनं तयार करून पुढे पाठवणाऱ्या थैल्यांच्या गठ्ठ्यावरचा, लेख वाचला. लेखकाने मेहनत घेतलीय, नाही म्हणत नाही. पण १८९८ च्या या शोधासाठी कॅमिलो गॉल्जींना १९०६ चं नोबेल मिळालं हे कुठून आणलंत? ते नोबेल मज्जासंस्थेच्या कामाचं होतं हो, तेही स्पेनच्या काहालबरोबर वाटून, आणि गॉल्जींनी नोबेलच्या भाषणातच काहालचा न्यूरॉन सिद्धांत (मज्जासंस्था सुट्या सुट्या पेशींची बनलेली असते हा) झोडपून काढला. तुम्ही गॉल्जी म्हणून फोटो छापलाय तो नेमका काहालचा. धन्य!

बरं, १८९८ वरून लेख थेट इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर. मधली पन्नासेक वर्षं गिळलीत की काय? घुबडाच्या मेंदूतल्या पेशींत चांदीचा क्षार वापरून जी काळी जाळी दिसली ती खरी, की रंगवताना पडलेले डाग, यावर तेव्हा नुसती हमरीतुमरी चालली होती. १९४९ मध्ये पॅलेड आणि क्लॉड यांनीही लिहून टाकलं की हे सगळं प्रक्रियेतून तयार झालेलं आहे, जिवंत पेशीत असं काही नसतं. १९५४ मध्ये डाल्टन आणि फेलिक्सनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली एकावर एक रचलेल्या चपट्या थैल्या दाखवल्या आणि पुढे ह्याच पॅलेडनी जेमिसनबरोबर गिनीपिगच्या स्वादुपिंडात प्रोटीनचा प्रवास गॉल्जीतून होतो हे दाखवलं, १९७४ चं नोबेलही घेतलं. एवढी गंमत सोडून तुम्ही "पेशीचं पोस्ट ऑफिस" करत बसलात.

आणि ती आकृती! थैल्या जागच्या जागी आणि बारक्या पुटिका (पडद्याचे छोटे फुगे) इकडून तिकडे माल नेतायत. हीच आकृती माझ्या बोकांडी बसली होती. ऐंशीच्या दशकात टीवायच्या प्रॅक्टिकलला एक्स्टर्नल आले होते, मी व्हायवात म्हटलं सर, थैल्याच पुढे सरकतात, शैवालाचे खवले थैलीत तयार होतात आणि ते पुटिकेत मावणारच नाहीत एवढे मोठे असतात, लायब्ररीतल्या जुन्या पुस्तकात वाचलं होतं. ते हसले, म्हणाले बाई जुनी पुस्तकं बंद करा आता, आणि मार्क असे कापले की फर्स्ट क्लास थोडक्यात गेला. नोकरीच्या प्रत्येक इंटरव्ह्यूला तो सेकंड क्लास आडवा यायचा.

मग १९९८ मध्ये इटलीतल्या लॅबने दाखवलं की कोलॅजेनचे लांब दांडके थैलीतून बाहेर न पडताच गॉल्जी पार करतात. २००६ मध्ये शिकागोचे ग्लिक आणि जपानचे नाकानो, दोघांनी वेगवेगळं काम करून, यीस्टमध्ये सुरुवातीच्या थैल्यांच्या प्रोटीनना हिरवा आणि नंतरच्या थैल्यांच्या प्रोटीनना लाल रंग देऊन, एकच थैली हिरव्याची लाल होताना जिवंत पेशीत टिपली, म्हणजे थैलीच बदलत जाते. यीस्टच का, तर त्याच्या थैल्या सुट्या विखुरलेल्या असतात, एकेकीवर नजर ठेवता येते. वाद अजून पूर्ण मिटलेला नाही, पुटिकांनाही काम आहेच, पण निदान दोन आकृत्या तरी छापायच्या! आमच्या एक्स्टर्नलच्या वाचनात हा अंक आला तर ते आजही खूश होतील.

जाता जाता, शब्दकोड्याचं उत्तर हल्ली दुसऱ्या दिवशी छापत नाही आणि त्या जागी फ्लॅटची जाहिरात असते, त्याचंही बघा जरा.

आपली,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका, सांगली